मदत हवी आहे : ग्रेड ५ टायटॅनियमवरचा निकेलचा थर सोलून निघतो

नमस्कार. आमच्या भोसरीच्या छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये पोलाद आणि पितळेवर इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय, रासायनिक द्रावणातून बसणारा निकेलचा थर) चढवण्याचे काम बरीच वर्षे चालते. दोन महिन्यांपूर्वी प्रथमच ग्रेड ५ टायटॅनियमच्या, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूच्या, पिना आल्या. १५ मायक्रॉनचा थर दिसायला निर्दोष बसतो. पण पिन वाकवली की कांद्याच्या पापुद्र्यासारखा सलग निघून येतो.

आमचा क्रम असा : अल्कलाइन क्लीनर, पाणी, नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणात एचिंग (पृष्ठभाग किंचित खाऊन काढणे), पुन्हा पाणी आणि मग थेट निकेलची टाकी.

निघालेला पापुद्रा भिंगाखाली पाहिला. त्याची मागची बाजू आरशासारखी चकचकीत आहे आणि खालच्या टायटॅनियमवर निकेलचा कणही उरलेला नाही. म्हणजे निकेल स्वतः तुटत नसून जोडच सुटतो आहे. टायटॅनियमवर हवेत किंवा पाण्यात क्षणार्धात काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड तयार होतो आणि त्यावर निकेल घट्ट धरत नाही हे ठाऊक असल्यामुळे धुण्यापासून टाकीपर्यंतचा अर्ध्या मिनिटाचा वेळ पाच सेकंदांवर आणला, पण फरक शून्य. ऑक्साइड बहुधा धुण्याच्या पाण्यातच तयार होत असावा, त्यामुळे नुसत्या धावपळीने काही साधणार नाही असे आता वाटते.

दुसरा संशय हायड्रोजनचा होता. मिश्रणात नायट्रिक कमी पडले तर टायटॅनियम हायड्रोजन शोषून घेते आणि पृष्ठभागावर ठिसूळ हायड्राइड होते. परंतु तसे असते तर पापुद्र्याच्या पाठीला टायटॅनियमचे कण चिकटून आले असते.

जोड पक्का व्हावा म्हणून एक पिन ४०० अंश सेल्सियसला हवेतच तासभर भाजली, तर थराला फोड आले. निकेलचे उष्णता-प्रसरण टायटॅनियमच्या सुमारे दीडपट असल्याने ते फोड त्यामुळे आले, की अडकलेल्या वायूमुळे, हे कसे ओळखावे?

एचिंगनंतर फ्लोराइडयुक्त ग्लायकॉलच्या द्रावणातून जस्ताचा पातळ थर देऊन मग निकेल चढवण्याची पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? जस्त नीट बसले आहे हे टाकीपाशी उभ्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी कसे ठरवायचे, आणि भाजणी निर्वात भट्टीशिवाय शक्य आहे का, हे कृपया सांगावे. हायड्रोफ्लोरिकसाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल टाकीशेजारीच ठेवलेले असते, त्यामुळे त्याबद्दल काळजी नसावी.