पैशाची चिंताच नसेल तर तुमची यॉट कशी असेल? माझी ५६ फुटी, शिडाची आणि गोव्यात बांधलेली

सागरवेडा
समजा पैसा हा विषयच नाही, कुणाला हिशेब द्यायचा नाही, तर कोणती बोट घ्याल? हा विषय निघाला की ९० टक्के लोक तीच पांढरीशुभ्र चार मजली, वर हेलिपॅड, मागे स्विमिंग पूल असली बोट सांगतात. मला ती फुकट दिली तरी नकोय, आणि यात काटकसरीचा काही संबंध नाही.

माझी बोट ५६ फूट, एक डोलकाठी, शिडाची. नमुना म्हणून डोळ्यांपुढे आहे नौदलाची शिडाची बोट आयएनएसव्ही म्हादेई. डिझाइन डच, पण बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात, लाकूड आणि इपॉक्सी वापरून, आणि २००९ मध्ये नौदलाला दिली. याच बोटीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, वाटेत चार बंदरांत थांबत. मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता मुंबईत परत. म्हणजे ही बोट किती पाण्यात आहे ते जगाला फेरी मारून सिद्ध झालंय. मी फक्त आतली रचना बदलीन: दोन नीट केबिन, उभं राहून स्वयंपाक करता येईल असा ओटा, आणि बोट कलली तरी पातेलं सरळ राहील अशी झुलती शेगडी.

आणि फिरणार कुठे तर आधी आपलं कोकण. पाऊस संपला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी काय वारा असतो! पहाटे जमिनीवरून मतलई वारा, त्यावर नांगर उचलून शीड चढवायचं आणि इंजिन सुरू न करता खाडीबाहेर पडायचं, अकराच्या सुमारास वारा पडतो तेव्हा जेवण उरकायचं, मग दुपारी समुद्रावरून, वायव्येकडून खारा वारा सुटला की तो पाठीवर घेऊन थेट दक्षिणेला. मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, रोज एक मुक्काम. हे सुख चार मजली बोटीच्या एसी हॉलमधून मिळत नाही, मिळूच शकत नाही.

सोनाली_ठाणे
सागरवेडा दादा, लिहिलंय सुंदर पण मला अजिबात पटलेलं नाही. प्रश्न आहे पैशाची अडचण नसताना काय, आणि तुम्ही बोट अशी निवडलीत की जिच्यात फक्त धडधाकट माणूसच राहू शकतो. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत, बाबांना शिडी चढता येत नाही. कललेल्या डेकवर त्यांनी काय धरून बसायचं? माझ्या स्वप्नात ते दोघं नसतील तर त्या बोटीचं मी काय करू.

माझी ६० मीटरची मोटर यॉट, आणि हो, आत लिफ्ट, रुंद दरवाजे, व्हीलचेअर थेट पाण्यापर्यंत जाईल असा मागचा प्लॅटफॉर्म. पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर, म्हणजे नांगरावर असतानाही बोट फारशी डुलत नाही. हे तंत्रज्ञान महाग आहे म्हणूनच पैसा लागतो. अझ्झाम नावाच्या यॉटसारखी १८० मीटरची मला नकोय, तेवढ्या लांबीत माणसं एकमेकांना दिसायची नाहीत. पण मोठी बोट म्हटली की लगेच दिखाऊपणा म्हणायचं, हे चूक आहे. आईला एकदा मधल्या समुद्रात सूर्योदय दाखवायचाय, खुर्चीत बसून, हातात चहा घेऊन. यात दिखावा कुठे आला?

इंजिनरूम
मी जहाजावर इंजिनियर आहे त्यामुळे थोडं इंजिनरूममधून बोलतो. दोघांच्याही बोटी मला मान्य नाहीत.

सोनालीताई, ६० मीटर म्हणजे तुम्ही घर नाही, छोटी कंपनी विकत घेताय. या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की बोटीच्या किमतीच्या सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी चालवण्यात जातो. पैसा आहे म्हणालात, ठीक, पण माणसांचं काय? डझनभर क्रू चोवीस तास तुमच्याभोवती असणार आणि पाहुण्यांच्या केबिन प्रशस्त ठेवायच्या म्हणून क्रूला खाली नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन-दोन बंकच्या खोल्या. पैशाला तोटा नसेल तर पहिली सुधारणा तिथे करा, प्रत्येकाला स्वतंत्र केबिन आणि खिडकी द्या, मग लिफ्टचं बघू. आणि जनरेटर कधीच बंद होत नाही, त्याची घरघर तुमच्या आईच्या चहाला सोबत असणारच.

आता सागरवेडा. तुमच्या बोटीखाली खोल किल, म्हणजे तळाखालचा जड पंखा, येणार, आणि आपल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, भरतीची वेळ चुकली की बसलात रुतून. म्हणून माझं मत कॅटामरान. शेजारी शेजारी दोन हल (बोटीचे सांगाडे), कलत नाही, सव्वा-दीड मीटर पाण्यात जाते, ओहोटीला शांतपणे वाळूवर बसवता येते. आईबाबा पण आरामात, शीड पण आहे. दोघांचंही भांडण मिटतं.

सागरवेडा
इंजिनरूम साहेब, नाही मिटत. कॅटामरान शांत पाण्यात उत्तमच. पण एकदा उलटली की ती उलटीच राहते, स्वतःहून सरळ होत नाही. किलवाल्या बोटीला खाली शिसं असतं म्हणून ती लाटेने आडवी पाडली तरी परत उभी राहते. दक्षिण महासागरात जायचं माझ्या मनात आहे, तिथे मला हाच भरवसा हवा. दांड्याचं म्हणाल तर भरतीचं कोष्टक बघूनच आत शिरायचं, आपले तांडेल, मच्छीमार बोटींचे कप्तान, काय वेगळं करतात?

आणि सोनालीताई, "धडधाकट माणूसच" हे मला मान्य नाही. २०१७-१८ मध्ये आयएनएसव्ही तारिणी या नौदलाच्याच शिडाच्या बोटीवर वर्तिका जोशींसह सहाजणी जगप्रदक्षिणेला गोव्याहून निघून २५४ दिवसांनी गोव्यात परतल्या. सहा माणसं त्या छोट्या बोटीत एवढे महिने राहिली, त्यात ताकदीपेक्षा सवय आणि एकमेकींना सांभाळून घेणं जास्त आहे.

सोनाली_ठाणे
त्या सहाजणींबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण त्या नौदलाच्या प्रशिक्षित अधिकारी होत्या, माझी आई ७४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. हे उदाहरण इथे लागू होत नाही. आणि इंजिनरूम दादा, क्रूच्या केबिनचं एकदम बरोबर बोललात, माझ्या बोटीत ते पहिल्या दिवसापासून असेल, मग पाहुण्यांची एक खोली कमी झाली तरी चालेल.

मालवणकर७२
शीड म्हणजे पवित्र आणि मोटर म्हणजे पाप असं इथे चाललंय म्हणून लिहितो. अॅमेझॉनवाल्या बेझोसची कोरू ही यॉट बघा. १२७ मीटर, तीन डोलकाठ्या, शिडाचीच आहे. डोलकाठ्या इतक्या उंच की रॉटरडॅममधल्या जुन्या दे हेफ पुलाचा मधला भाग तात्पुरता काढायची गोष्ट निघाली, २०२२ मध्ये लोक भडकले आणि शेवटी बोट डोलकाठ्यांशिवाय दुसऱ्या मार्गाने ओढून न्यावी लागली. शिवाय शिडांमुळे हेलिकॉप्टर उतरवता येत नाही म्हणून मागून अबिओना नावाची वेगळी मोटरबोट. आणि उंच डोलकाठीचा धोका बायेसियन या शिडाच्या यॉटने दाखवला. ऑगस्ट २०२४, सिसिलीजवळ नांगरावर उभी, एकच डोलकाठी पण ७० मीटरच्या वर, मध्यरात्रीनंतर वादळ आलं आणि काही मिनिटांत बुडाली, सात माणसं गेली. तेव्हा शीड लावलं की बोट आपोआप साधी आणि सुरक्षित होते हे डोक्यातून काढा.

माझ्याकडे तेवढा पैसा असता तर मी खाजगी यॉट घेतलीच नसती. हॉस्पिटल बोट बांधली असती. मर्सी शिप्स या सेवाभावी संस्थेची ग्लोबल मर्सी १७४ मीटरची आहे, आफ्रिकेतल्या बंदरात जाऊन उभी राहते आणि जहाजावरच ऑपरेशनं होतात. मला त्याच्या पावपट आकाराची पुरे, मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदर बंदर करत जाईल, मोतीबिंदू, दात, बायकांच्या तपासण्या. आमच्याकडे अजून मोठ्या आजाराला माणूस रात्रीचं कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतो.

किरण_पुणे
मालवणकर काका, हॉस्पिटल हवंच, पण ते सरकारने जमिनीवर बांधावं. स्वप्न विचारलं की समाजसेवेचं ओझं का टाकायचं? मला सोलर बोट हवी. प्लॅनेटसोलर नावाची बोट २०१० मध्ये मोनॅकोहून निघाली आणि २०१२ मध्ये फक्त सूर्यावर जगाची फेरी पूर्ण करून परत आली, तीही कॅटामरानच. ना धूर ना घरघर.

मालवणकर७२
ओझं कसलं बाबा, मला खरंच तेच हवंय. माझा जन्म खाडीकाठचा, बोट म्हटल्यावर मला माणसं इकडून तिकडे नेणारी वस्तूच दिसते. तुला सोलर दिसते, तुझी तू घे.

इंजिनरूम
एक प्रश्न कुणीच विचारला नाही. जून ते सप्टेंबर बोट कुठे ठेवणार? गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यात बोयाला बांधून, पावसाळ्यात ठेवता येत नाही, मुंबईला अजून धड मरीना नाही.

सागरवेडा
गोव्यात मांडवी नदीत आत, यार्डात वर काढून. चार महिने रंग, शिडांची दुरुस्ती, दोर बदलणं. ते काम मी स्वतः करणार, बोट घेण्यातला अर्धा आनंद तोच आहे.

सोनाली_ठाणे
आणि इथे माझी बोट जिंकते. आपला पावसाळा म्हणजे तिकडे भूमध्य समुद्राचा ऐन हंगाम. जूनमध्ये ग्रीसची बेटं, ऑक्टोबर सरला की सुएझमधून खाली येऊन दिवाळीनंतर गोवा. तुमची बोट यार्डात असेल तेव्हा माझी आई डेकवर असेल.

इंजिनरूम
ताई, सुएझ ठीक पण पुढे लाल समुद्र आणि त्याच्या तोंडाशी बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी आहे. २०२३ च्या शेवटापासून तिथे जहाजांवर हल्ले झाले, कित्येक मोठ्या कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपवरून वळवली. आईबाबांना घेऊन तिथून जाऊ नका, विमानाने गोव्याला आणा आणि बोट फक्त क्रूसोबत येऊ दे. आणि क्रूलाही विचारा, यायची तयारी आहे का.

सोनाली_ठाणे
विचारीन. नाही म्हणाले तर बोट हिवाळाभर तिकडेच ठेवीन आणि आईला मेमध्ये घेऊन जाईन. ६० मीटर मात्र कायम.