दुधाची ॲलर्जी : दूध पाजूनच उपचार? कुणी केलाय का?

सईचीआई_पुणे
लेक सहा वर्षांची. आठव्या महिन्यात खीर चाटवली तेव्हा ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. शाळेत जाईपर्यंत बहुतेक मुलांची जाते म्हणे, हिची नाही गेली. गणपतीत शेजारच्या काकूंनी मायेनं अर्धा पेढा हातावर ठेवला. उलटी, खोकला, घरघर. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागलं. आता डॉक्टर ओरल इम्युनोथेरपी सुचवतायत. पाण्यात पातळ केलेल्या थेंबापासून सुरुवात, दर थोड्या आठवड्यांनी त्यांच्यासमोर डोस वाढवत 200 मिलीपर्यंत. जिच्या ताटाला मी दह्याचा चमचा लागू देत नाही, तिला स्वतःच्या हातानं दूध पाजू? सासूबाईंनी तर अबोलाच धरलाय.

रानवारा
आमच्याकडे गाईचं सोसलं नाही की शेळीचं देतात.

टोरोंटोची_मावशी
रानवारा, अहो नको! दोन्हींतलं केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, जवळपास सारखंच. गाईचं बाधणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचंही बाधतं. म्हशीच्याही भरवशावर राहू नका.

सईची आई, माझ्या मुलाच्या याच उपचाराचं दुसरं वर्ष चालू आहे. औषध म्हणजे दुकानातलं साधं दूध. पाजताना काही वाटत नाही हो, पुढचे दोन तास जीव टांगणीला असतो. उपाशीपोटी द्यायचं नाही. नंतर पळापळ नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही, लगेच झोपू द्यायचं नाही. आमचा डोस साडेपाचला, त्यात फुटबॉल सुटला. त्याचा राग अजून माझ्यावरच. तापात कालपर्यंत सोसलेला डोससुद्धा अंगावर उठतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून कमी करतो. 40 मिलीवर तीन महिने अडकलो होतो, रोज पोटात दुखायचं. घास अडकतो म्हणाली तर लगेच सांगा, अन्ननलिकेला सूज येऊ शकते. दमा आहे का तिला? असेल तर आधी तो आटोक्यात हवा.

सईचीआई_पुणे
दमा नाही. म्हणजे तुमचा मुलगा बरा झाला?

टोरोंटोची_मावशी
नाही. रोज घेतोय तोवर सोसतं. मध्ये खंड पडला की परत खाली उतरावं लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पण गेल्या महिन्यात वाढदिवसाला चुकून क्रीमचा घास गेला, आणि काही झालं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ॲड्रेनॅलिनचं पेन, म्हणजे आधीच भरलेलं तयार इंजेक्शन, मात्र अजून दप्तरात असतंच.

सईचीआई_पुणे
आम्हाला पेन मिळालं नाही. ॲम्प्युल (औषधाची काचेची छोटी कुपी) आणि सिरिंज दिलीय, भरायची कशी ते नर्सनं दोनदा करून घेतलं. मंगळवारी पहिला डोस. सासूबाई आत्ता म्हणाल्या, येते मी, पण पेला तू धर.