प्रति: न्यूयॉर्कात टेस्लाची खूण कुठे?

कुणी विचारलंय, विजेचा संशोधक निकोला टेस्ला याच्या नावाने न्यूयॉर्कात, तो राहायचा त्या हॉटेलातल्या फलकापलीकडे काही आहे का. आहे की! ब्रायंट पार्कच्या कोपऱ्यावर, ४०वा रस्ता सहाव्या अॅव्हेन्यूला मिळतो तिथे ‘निकोला टेस्ला कॉर्नर’ अशी पाटी आहे. याच बागेत म्हातारबुवा कबुतरांना दाणे घालायचे. पण मला विचाराल तर नायगराच गाठा. अमेरिकन बाजूला गोट आयलंडवर १९७६ साली युगोस्लाव्हियाने दिलेला पुतळा आहे: मांडीवर कागद पसरून बसलेला टेस्ला, आणि त्या कागदांवर चढून फोटो काढून घेणारी पोरं! लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ इथे टेस्लाचं बिनतारी प्रयोगांचं केंद्र होतं; तिथला मनोरा १९१७ सालीच पाडला. विटांची प्रयोगशाळा आहे, पण २०२३च्या आगीत तिचं नुकसान झालं, तेव्हा आधी चौकशी करूनच जा.