महाकाय ताऱ्यांच्या चकत्या: वाद संपला म्हणे!

मृगव्याध:
कालच्या एका धाग्यात ठणकावून लिहिलंय, 'घडत्या महाकाय ताऱ्यांभोवती वायू-धुळीच्या फिरत्या चकत्या सापडल्या, म्हणजे ते सूर्यासारखेच जन्मतात. वाद संपला.' वाचून राहवलं नाही. एएफजीएल ४१७६ या महाकाय ताऱ्याभोवती केप्लरच्या नियमाने (आत वेगाने, बाहेर हळू) फिरणारी चकती २०१५ मध्ये चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने दाखवली, कबूल. पण २०२० मध्ये त्याच अल्माच्या निरीक्षणांत डब्ल्यू ५१ या तारे घडणाऱ्या मेघातल्या घडत्या ताऱ्यांभोवती मोठी, स्थिर चकती नव्हतीच; वायू अनेक दिशांनी आत ओतला जात होता. मग संपलं काय?

कृत्तिका:
अर्धंच सांगताय. त्याच ताऱ्यांतून अरुंद झोतही निघत होते. फिरत्या चकतीशिवाय ते बांधले कसे जातील? आत लहान चकती असणार, इतक्या दुरून वेगळी दिसली नाही एवढंच. आणि प्रकाशदाबाचं काय? इतका तेजस्वी तारा चहूबाजूंनी येणारी धूळ मागे ढकलतो. चकती असली तरच प्रकाश ध्रुवांकडून निसटतो आणि वायू कडेने आत येत राहतो.

शतभिषा:
वायूच्या वेगाचा लाल-निळा नकाशा दिसला की लोक 'चकती' म्हणून मोकळे होतात. मी एका स्रोतावर दोन वर्षं घालवली. एका बाजूचा वायू आपल्याकडे येणारा (निळा), दुसऱ्या बाजूचा दूर जाणारा (लाल), अगदी चकतीच. जास्त बारीक तपशील दाखवणारी निरीक्षणं आली आणि तिथे वायूचे दोन वेगळे दाट गाभे निघाले. प्रबंधाचं अख्खं प्रकरण गेलं. त्यात बातम्यांमधली ती चित्रं! लाल म्हणजे तापलेला वायू, असंच वाचक समजतात.

कृत्तिका:
रंगांचा इथे काय संबंध? डॉप्लर परिणाम, म्हणजे वायू जवळ येतो की दूर जातो त्याने लहरींत होणारा बदल, दाखवायचा कसा मग?

शतभिषा:
शेजारी कोणता रंग म्हणजे किती वेग, याची पट्टी छापा! चित्रकाराने कल्पनेने काढलेली चकती आणि मोजलेली चकती एकाच पानावर, खुलासा न करता देतात. ही फसवणूक आहे.

मृगव्याध:
शंभर टक्के. ती चित्रं बघूनच 'वाद संपला' म्हणणारे तयार होतात.

कृत्तिका:
तुमचा स्रोत फसवा निघाला म्हणून सगळ्यांच्या चकत्या खोट्या?

शतभिषा:
माझ्या तोंडी शब्द घालू नका. केप्लरच्या नियमाप्रमाणे ताऱ्यापासून चौपट अंतरावर वेग निम्मा होतो, हे मोजून दाखवलं तर मी मानते. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या एचएच ११७७ या घडत्या ताऱ्याची चकती मानली ना, २०२३ मध्ये? नुसत्या दोन रंगांवर मानणार नाही.

कृत्तिका:
बरं, पट्टी हवी. तेवढं मान्य.

मृगव्याध:
आणि झोतांवरून आत लहान चकत्या असाव्यात, इथवर मी येतो. पण त्या धाग्यातलं 'सूर्यासारखेच' हे मागे घ्या. जी ११.९२ या तारे घडणाऱ्या भागात सुमारे ४० सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या ताऱ्याची चकती तुटून त्यातच सूर्याहून हलका तारा घडतोय. आपल्या सूर्याच्या चकतीतून ग्रह झाले.