मदत हवी आहे: शेल्टरमधून आणलेली कुत्री पलंगाखालून बाहेरच येत नाही

चार दिवसांपूर्वी शेल्टरमधून साधारण 3 वर्षांची कुत्री घरी आणली. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्होच्या लशी झाल्यात, नसबंदीही झालीय. पण ती पलंगाखालीच बसून आहे. आमच्यासमोर खात नाही. सकाळी मात्र वाटी अर्धी रिकामी दिसते. पाणी पिते. कुणी झाडू हातात घेतला की शेपूट पोटाशी घेऊन भिंतीला चिकटते. बघून पोटात तुटतं हो. काय भोगलंय तिनं कोण जाणे.

3 दिवस बुजण्याचे, 3 आठवडे रुळण्याचे, 3 महिने घर आपलं वाटायला, असा ढोबळ हिशेब शेल्टरमध्ये सांगितलाय. म्हणून मी ओढून काढत नाही, नुसती जवळ जमिनीवर बसते. आई म्हणते, उचलून मांडीवर घे, सवय होईल. मला ते अजिबात पटत नाही.

ज्यांनी असा मोठ्या वयाचा, घाबरलेला कुत्रा आणलाय त्यांनी प्लीज सांगा, फिरायला कधीपासून न्यायचं? पट्टा नुसता दाखवला तरी थरथरते. आणि 6 वर्षांच्या मुलाला तिच्याजवळ कधी जाऊ द्यावं? सध्या तो दाराशी बसून हळू आवाजात तिला गोष्ट वाचून दाखवतो. तेवढं तिला चालतं, कान टवकारते.