मदत हवी आहे: यूएसबी हार्डडिस्क लावली की पीसी रीस्टार्ट होतो, दोष एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) की मदरबोर्डचा?

डेस्कटॉपला ४५० वॅटचा, बराच जुना एसएमपीएस आहे; ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे. अडीच इंची एक्स्टर्नल हार्डडिस्क (वेगळा अॅडॉप्टर नसलेली) लावली की प्लॅटर (आतली चकती) फिरायला लागतानाच पीसी थेट रीस्टार्ट होतो. निळी स्क्रीन येत नाही, डंप फाइलही (क्रॅशची नोंद) बनत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१, बगचेक कोड ०, म्हणजे पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला एवढंच, कारणाची नोंद नाही. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांनी काही होत नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या आणि मदरबोर्डच्या मागच्या, दोन्ही पोर्टवर तेच. केबल बदलली, ड्रायव्हर आणि बायोस अपडेट केलं, यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायची सोय) बंद केलं, मेमटेस्ट (रॅमची चाचणी) स्वच्छ आली. हीच डिस्क लॅपटॉपवर नीट चालते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःचा अॅडॉप्टर असलेल्या हबमधून लावली तर या पीसीवरही चालते. म्हणून संशय ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर आहे.

एसएमपीएसच्या मोलेक्स कनेक्टरच्या लाल-काळ्या वायरवर मल्टिमीटरने ५.०२ व्होल्ट दिसतात, ग्राफिक्सवर लोड दिला की ४.८१. म्हणजे ४.७५ च्या किमान मर्यादेच्या वरच. पण क्षणभराची घसरण मल्टिमीटर पकडत नाही आणि ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. शिवाय बऱ्याच मदरबोर्डवर यूएसबीला वीज स्टँडबाय रेलमधून (पीसी बंद असतानाही चालू राहणारा ५ व्होल्टचा पुरवठा), म्हणजे मदरबोर्डच्या २४ पिनी कनेक्टरच्या जांभळ्या वायरमधून मिळते. तिथे अजून मोजलेलं नाही.

चाचणीसाठी दुसरा एसएमपीएस मिळण्यासारखा नाही. अशा वेळी जांभळ्या वायरवर नेमकं काय आणि कोणत्या लोडवर मोजलं, तर दोष एसएमपीएसचा की मदरबोर्डच्या यूएसबी सर्किटचा हे खात्रीने ठरेल?