भूत नको असेल तर यंदा 'सेशन नाईन' लावा

शनिपाराजवळचा:
३१ ऑक्टोबरला हॅलोवीनसाठी कोरेगाव पार्कात तोंडं रंगवून हिंडणाऱ्यांना शुभेच्छा. घरीच दिवे मालवून बसणाऱ्यांसाठी एक नाव सुचवतो: 'सेशन नाईन', २००१. दिग्दर्शक ब्रॅड अँडरसन, पुढे 'द मशिनिस्ट' केला तोच. हा मात्र आपल्याकडे फार कुणी पाहिलेला नसतो.

गोष्ट एका कंत्राटदाराची. मॅसॅच्युसेट्समधलं डॅनव्हर्सचं बंद पडलेलं मनोरुग्णालय, त्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस काढायचंय, म्हणजे बांधकामात वापरलेला, पूड श्वासात गेली की घातक असा तंतू. काम एका आठवड्यात होण्यातलं नाही, पण हातचं जायला नको म्हणून गॉर्डन बोलून बसतो, 'आठवड्यात देतो.' घरी तान्हं मूल, डोळ्याला डोळा नाही. मला विचाराल तर सगळी भीती त्या एका वाक्यातून सुरू होते. इमारत खरी, १८७८ सालची. आणि बहुतेक सगळं लख्ख दिवसा घडतं.

हडपसरी:
पाहिलाय, अर्धा. मध्येच आमच्या हिने विचारलं, 'हे लोक काम कधी सुरू करणार?' मी टीव्ही बंद केला. अहो, घाबरायला बसलोय, कंत्राटदाराची हजेरी घ्यायला नाही! त्यापेक्षा २०१७चा 'लपाछपी' बघा. उसाचा फड, गरोदर बाई, बाहेरची वाट सापडत नाही. हिंदीवाल्यांनी उगाच नाही त्याचा 'छोरी' केला.

शनिपाराजवळचा:
'लपाछपी' चांगलाच आहे, पण तो सगळ्यांना ठाऊक. आणि तुम्ही जनरेटरच्या आधी बंद केलात. गॉर्डनच्या टोळीतला, अंधाराला भिणारा जेफ भुयारात असतो, इंधन संपतं आणि एकेक दिवा विझत त्याच्या मागे येतो. तो पळतोय, दिवे जास्त वेगात. तेवढ्यासाठी तरी परत लावा.

पोथीवाला:
सर्वपित्री झाली की आपली भुतं जेवून गेली. हे भोपळ्याचं खूळ कशाला?

शनिपाराजवळचा:
भोपळा घारग्यांसाठी ठेवा. तारीख फक्त निमित्त. तसं डॅनव्हर्स म्हणजे जुनं सेलम व्हिलेज, १६९२ साली चेटकिणींचे खटले जिथून पेटले ते. त्या गावाला हॅलोवीन शोभतो.

नदीपलीकडची:
माझा आक्षेप वेगळा. मी येरवड्यात वाढले. शाळेत पत्ता सांगितला की वर्ग हसायचा. आजही कुणी विचित्र वागलं की 'याला येरवड्याला टाका' हा पुणेरी विनोद ठरलेला. हा सिनेमा तेच करतो. मनोरुग्णालय दिसलं की घाबरा. रुग्णालयात सापडलेल्या, मेरी हॉब्ज या जुन्या रुग्णाच्या त्या टेप्स म्हणजे एका आजारी बाईचे बदलणारे आवाज, आणि आपण अंगावर काटा आला म्हणून खूश. ती खोलीभर कागदांमधली एक फाईल होती, कुणाची तरी मुलगी होती.

शनिपाराजवळचा:
मुद्दा मान्य. पण टेप ऐकणारा त्यांच्यातलाच कामगार माईक बघा ना. हातातलं काम टाकून दुसऱ्याचं दुखणं चवीनं ऐकत बसतो. सिनेमा त्याच्यावर बोट ठेवतो.

नदीपलीकडची:
बोट ठेवतो आणि आवाजही वाढवतो. दोन्ही.

साइटवरचा:
मी बांधकामावर असतो, म्हणून बोलतो. दिवस कमी लिहून काम घ्यायचं आणि मग पोरांना रात्रीचं जुंपायचं, हे आमचं रोजचंच. मागे एका जुन्या शेडचे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे उतरवले. सिनेमात पांढरे सूट, मास्क, प्लॅस्टिकचे पडदे. आमच्याकडे तोंडाला रुमाल, तोही घाम पुसून परत बांधलेला. पत्रा कडकन मोडला की उन्हाच्या तिरिपेत पूड तरंगते, आणि तिच्याखाली बसून कुणीतरी डबा खात असतं. मला सिनेमात भीती तिथेच वाटली, टेप्समध्ये नाही. त्या भुताटकीच्या आवाजाची गरजच नव्हती, असं माझं मत.

शनिपाराजवळचा:
आवाज काढला तर शेवट लागेल कसा? जास्त बोलत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी.

हडपसरी:
बरं, उरलेला अर्धा बघतो. पण साइटवरच्यांचं वाचून आता पोटमाळ्यावरच्या पत्र्याकडे बघवत नाहीये, ते वेगळंच.

शनिपाराजवळचा:
दिवे घालवून बघा हं.

हडपसरी:
घालवायला कशाला लागतात? आमच्याकडे गुरुवारी आपोआप जातात. बघू, गुरुवारीच लावतो लॅपटॉपवर.